चिनी तत्त्वज्ञानातलं मन: भरतीचं पाणी, भाताचा तरवा आणि पायाखालची सावली

किनाऱ्यावर भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला भरती तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे लहान भरती. हिशेब ढोबळ आहे, बंदराबंदरागणिक थोडा मागेपुढे होतो, पण होडी पाण्यात ढकलायला पुरतो.

अकराव्या शतकात झांग झाय (१०२० ते १०७७) नावाचा एक चिनी तत्त्वचिंतक याच भरती-ओहोटीकडे पुरावा म्हणून बोट दाखवत होता. तो राहायचा हंगछू या गावी, आजच्या शान्शी प्रांतात, समुद्रापासून फार आत. ‘झंगमंग’ या ग्रंथात तो म्हणतो की दिवसरात्रीत जमीन वर येते आणि खाली जाते, आणि समुद्राची भरती-ओहोटी हा त्याचा दाखला. पुढे लगेच जोडतो की भरती कधी मोठी कधी लहान असते, त्याचा संबंध अमावास्या-पौर्णिमेशी आहे, कारण सूर्य, चंद्र आणि पाणी यांची सत्त्वं एकमेकांना साद देतात. यातला पहिला भाग चुकीचा आहे. जमिनीची अशी खाली-वर हालचाल भरतीचं कारण नाही. चंद्र-सूर्याचं गुरुत्वाकर्षण हे कारण आहे. दुसऱ्या भागातला संबंध मात्र बरोबर आहे, आणि तो सांगताना त्याने वापरलेली कल्पनाच चिनी तत्त्वमीमांसेची किल्ली आहे. एक वस्तू हलते, दुसरी तिला प्रतिसाद देते, मधे ढकलणारा हात लागत नाही. या साद-प्रतिसादाला चिनीत ‘गान-यिंग’ म्हणतात.

या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. चिनी विचारात मन हे या साद-प्रतिसादाचं सर्वांत तरल रूप आहे. समुद्र चंद्राला प्रतिसाद देतो तसाच माणूस विहिरीत पडू पाहणाऱ्या मुलाला देतो. फरक सूक्ष्मतेचा आहे, दोन वेगळ्या द्रव्यांचा नाही. म्हणून ‘बाहेरचं जग आत मनात कसं शिरतं’ हा प्रश्न तिथे फारसा उभाच राहत नाही. तिथला प्रश्न असा: प्रतिसाद अडतो कुठे, वाकडा का होतो, आणि मोकळा कसा करायचा? हे धरून वाचलं तर इ.स.पू. चौथ्या शतकातल्या मेन्शियसपासून सोळाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वांग यांगमिंगपर्यंतची, या दोन कन्फ्यूशियन विचारवंतांमधली अठराशे वर्षं एका सूत्रात लागतात. हे सोडून वाचलं तर सगळं गूढ आणि विस्कळीत वाटतं.

आधी ‘ची’. विश्वातलं जे काही आहे ते ‘ची’चं आहे. ती दाटली की वस्तू होते, विरळ झाली की वस्तू दिसेनाशी होते. झांग झाय म्हणतो, महाशून्यात ‘ची’ गोठते आणि विरते, जसं पाण्यात बर्फ गोठतं आणि विरतं. शून्य हेच ‘ची’ आहे हे कळलं की ‘काहीच नसणं’ असं काही उरत नाही. त्याच्या कितीतरी आधी झ्वांगझी या तत्त्वज्ञाच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘झ्वांगझी’ या ग्रंथाच्या बाविसाव्या प्रकरणात आलं होतं की माणसाचा जन्म म्हणजे ‘ची’ एकत्र येणं आणि मृत्यू म्हणजे ती पांगणं. आणि इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या शुन्झी या कन्फ्यूशियन विचारवंताने आपल्या ग्रंथाच्या नवव्या प्रकरणात एक चढण दिली आहे जी पाठ करण्यासारखी आहे. पाणी आणि अग्नी यांच्यात ‘ची’ आहे पण जीव नाही. झाडाझुडपांत जीव आहे पण जाणीव नाही. पशुपक्ष्यांत जाणीव आहे पण योग्य-अयोग्याचं भान नाही. माणसात ‘ची’, जीव, जाणीव आणि हे भान, चारही आहेत. दर पायरीवर काहीतरी वाढतं, पण खालची पायरी कुठेही सुटत नाही.

मराठी वाचक इथेच अडखळतो आणि त्याचं कारण आपल्या घरच्या शिदोरीत आहे. सांख्य कानावर पडलेलं असतं, म्हणून ‘ची’ म्हणजे प्रकृती असं पटकन जुळवलं जातं. ही चूक चिवट आहे, कारण ती अर्धी बरोबर आहे. सांख्यातही बुद्धी, अहंकार, मन ही प्रकृतीचीच रूपं आहेत; मन जड द्रव्याच्याच बाजूला बसतं. पण सांख्याला त्यापलीकडे पुरुष लागतो, नुसता पाहणारा, काहीही न करणारा. ‘ची’ला प्रकृती म्हटलं की वाचक नकळत त्या साक्षीचा शोध सुरू करतो, तो सापडत नाही, आणि मग चिनी तत्त्वज्ञान अपुरं आहे असा निष्कर्ष निघतो. तिथे साक्षी नाही. जाणणारा स्वतः प्रसंगात उतरलेलाच असतो. प्राण म्हटलं तरी गडबड होते, कारण ‘ची’ दगडातही आहे.

दुसरी चूक ताओला, म्हणजे सगळं जिथून निघतं त्या ‘वाटे’ला, ब्रह्म म्हणण्याची. ‘ताओ ते चिंग’च्या बेचाळिसाव्या प्रकरणात ताओपासून एक, एकापासून दोन, दोनापासून तीन आणि तिनापासून सारे पदार्थ झाले असं आहे, ते वाचून उपनिषदं आठवणं साहजिक आहे. पण त्यानंतर चिन्यांचं आपसांत काय झालं ते पाहा. वांग बी (२२६ ते २४९) अवघ्या तेविसाव्या वर्षी वारला, तेवढ्यात त्याने ‘नसणं’ हेच सगळ्याचं मूळ असं भक्कम भाष्य लिहून ठेवलं. ३१२ मध्ये वारलेल्या ग्वो शियांगने नेमकं उलट मांडलं: जे नाहीच ते दुसऱ्याला जन्म कसं देणार? प्रत्येक वस्तू आपली आपणच होते, तिच्यामागे कोणी नाही. दोघेही एकाच ताओवादी परंपरेचे मान्यवर भाष्यकार. जग मिथ्या आहे असं मात्र दोघांनीही म्हटलं नाही. ब्रह्माची चौकट इथे ठेवली की ग्वो शियांग दिसेनासाच होतो, आणि तो मोठा तत्त्वज्ञ आहे.

आता मन, म्हणजे ‘शिन’. ते छातीत आहे. जाणणं, ओढ वाटणं, लाज वाटणं, ठरवणं हे सगळं तिथेच चालतं. मेन्शियस (सुमारे इ.स.पू. ३७२ ते २८९) म्हणतो, कान-डोळे विचार करत नाहीत, म्हणून वस्तू त्यांना ओढून नेतात, विचार करणं हे ‘शिन’चं काम. विचार केला तर मिळतं, नाही केला तर मिळत नाही.

त्याचं प्रसिद्ध उदाहरण विहिरीच्या काठावरच्या मुलाचं. मूल आता पडणार असं अचानक दिसलं की कोणाच्याही छातीत धस्स होतं. मेन्शियस तिथे तीन कारणं एकेक करून बाजूला काढतो: मुलाच्या आईबापांशी ओळख काढायची म्हणून नव्हे, गावात नाव व्हावं म्हणून नव्हे, रडण्याचा आवाज सहन होत नाही म्हणून नव्हे. माणूस धावेलच असंही तो म्हणत नाही. तो फक्त पहिल्या धक्क्याबद्दल बोलतो. हा दावा जितका छोटा तितका पक्का आहे. ‘माणूस मुळात चांगला असतो’ असं सैलसर सांगून त्याचा जोर घालवू नये. असे चार कोंब तो मोजतो: कणव, लाज, दुसऱ्याला पुढे जाऊ देणं, आणि बरं-वाईट ओळखणं. कोंब म्हणजे पीक नव्हे.

कोंब वाढवायचे कसे, हे सांगताना तो सुंग राज्यातल्या माणसाची गोष्ट सांगतो. शेतातली रोपं वाढत नाहीत म्हणून हा माणूस एकेक रोप जरा जरा वर ओढतो, दमून घरी येतो, म्हणतो आज मी रोपांना वाढायला मदत केली. मुलगा धावत जाऊन बघतो तर रोपं सुकलेली. कोकणातला भातशेती करणारा वाचक इथे रास्त शंका काढेल: आपण तर तरवा सबंध उपटतो, तरी तो जगतो! शंका चांगली आहे, कारण तिच्यामुळे गोष्टीतली नेमकी चूक कळते. तरवा तीनेक आठवड्यांचा झाल्यावर ओल्या वाफ्यातून मुळांसकट निघतो, त्याच्या मुठी बांधल्या जातात आणि चिखलणी केलेल्या खाचरात मुळं पुन्हा चिखलात बसतात. रोप काही दिवस पिवळं पडतं, मग धरतं. सुंगच्या माणसाने रोप उपटलं नाही आणि लावलंही नाही. त्याने ते जागच्या जागी वर खेचलं: बारीक मुळं तुटली, उरलेल्यांची मातीवरची पकड गेली, वरून मात्र दोन बोटं उंची वाढल्यासारखी दिसली. मेन्शियसचा रोख या दिसणाऱ्या उंचीवर आहे. कणव नसताना कणवेचं वागणं ओढून आणलं की असंच होतं. तो दोन्ही बाजू सांगतो: उपयोग नाही म्हणून सोडून देणारा बेणणी करत नाही, आणि मदत करणारा रोप ओढतो. विसरायचं नाही, ओढायचंही नाही.

मग करायचं काय? छी राज्याच्या श्वेन राजाची हकिकत यासाठी बघावी. घंटेच्या विधीसाठी बळी द्यायला नेलेला थरथरणारा बैल राजाने पाहिला, तो सोडून द्यायला लावला आणि त्याच्या जागी मेंढा द्यायला सांगितलं. लोक म्हणाले राजा कंजूष. मेन्शियस म्हणतो, तसं नाही, तुम्ही बैल पाहिला होता, मेंढा पाहिला नव्हता. जो प्रतिसाद बैलापर्यंत पोचला तो प्रजेपर्यंत पोचत नाही, तर अडथळा कुठे आहे ते शोधा. म्हणजे आधी असलेला, खरा, छोटा प्रतिसाद धरायचा आणि शेजारच्या प्रसंगापर्यंत नेऊन बघायचा. नवा निर्माण करायला जायचं नाही.

शुन्झीला हे मान्य नव्हतं. माणसाचा स्वभाव वाईट आहे, चांगुलपणा घडवावा लागतो, असं त्याने तेविसाव्या प्रकरणात ठासून लिहिलं. पण मनाबद्दलचं त्याचं सर्वांत मोलाचं लिखाण एकविसाव्या प्रकरणात आहे, आणि सगळ्या चिनी परंपरेतून एकच प्रकरण वाचायचं असेल तर मी हेच सुचवेन. विषय आहे मन कशाने झाकलं जातं.

त्याची यादी अशी: आवड झाकते, नावड झाकते, सुरुवात झाकते, शेवट झाकतो, लांबचं, जवळचं, खोल, उथळ, जुनं, नवं, सगळंच झाकतं. दोन गोष्टी वेगळ्या असल्या की एक दुसरीला झाकू शकते. झ्वांगझीबद्दल तो एका वाक्यात म्हणतो की त्याला निसर्गाने झाकलं, म्हणून माणूस दिसला नाही. मग दाखले देतो. डोंगरावरून बैल मेंढीएवढा दिसतो, पण मेंढी शोधणारा तो धरायला खाली उतरत नाही, कारण अंतरामुळे आकार लपतो हे त्याला माहीत असतं. (आंबोलीच्या किंवा कुंभार्लीच्या घाटमाथ्यावरून खालची गुरं बघितलेल्याला हे वेगळं सांगायला नको.) डोळा बोटाने दाबला तर एकाच्या दोन वस्तू दिसतात. दारू प्यालेला शंभर पावलांचा चर अर्ध्या पावलाची गटार समजून उडी मारतो.

आणि मग ज्वेनशू लियांगची गोष्ट. हा माणूस मंद आणि भित्रा. चांदण्या रात्री चालताना खाली वाकून पाहिलं तर स्वतःची सावली दिसली, वाटलं भूत दबा धरून बसलंय. वर पाहिलं तर स्वतःचे केस दिसले, वाटलं उभं पिशाच. पाठ फिरवून धावत सुटला, घरी पोचेपर्यंत दम संपला आणि मेला. शुन्झीचं म्हणणं, भूत दिसतं ते माणूस दचकलेला, गोंधळलेला असतानाच, आणि नेमक्या त्याच अवस्थेत तो ‘दिसलं’ म्हणून निर्णय देऊन टाकतो. देवचार-मुंजाच्या गोष्टींवर वाढलेल्या आपल्या किनाऱ्याला हे इ.स.पू. तिसऱ्या शतकातलं निदान आजही कामाचं आहे. तो ‘डोळ्यांवर विश्वास ठेवू नका’ म्हणत नाही. मन डळमळीत असताना शंकेचा निकाल लावू नका, एवढंच म्हणतो.

उपाय तीन शब्दांत आहे: रिकामं, एकाग्र, निश्चल. इथे वाचक हमखास घसरतो, कारण हे तिन्ही शब्द आपल्याकडे ध्यानाच्या शिबिरात ऐकलेले असतात आणि त्यांचा अर्थ निर्विचार होणं असा घेतला जातो. शुन्झी हीच पळवाट आधी बंद करतो. मन कधीच साठवणं थांबवत नाही, तरी त्यात रिकामेपण आहे. ते नेहमी एकाहून जास्त गोष्टी जाणतं, तरी त्यात एकाग्रता आहे. ते कधीच हलायचं थांबत नाही, तरी त्यात निश्चलता आहे. रिकामं म्हणजे आधी साठलेल्याला नव्याने येणाऱ्याची नासधूस करू न देणं. आठवण पुसायची नाही. एकाग्र म्हणजे त्या एकाला या एकाला बिघडवू न देणं. दोन्ही माहीत असू द्यावीत. निश्चल म्हणजे स्वप्नांना आणि मनातल्या कोलाहलाला जाणण्यात ढवळाढवळ करू न देणं. झोपेत मन स्वप्नं बघतं, सैल सोडलं की आपोआप भटकतं, कामाला लावलं की बेत करतं, हे तो नोंदवतोच. ते बंद पाडायला सांगत नाही.

त्याचा दृष्टान्त पाण्याच्या परातीचा आहे. परात सरळ ठेवली, ढवळली नाही, की गाळ खाली बसतो आणि वरच्या निवळ पाण्यात दाढी-भुवया दिसतात. झुळूक आली की तळाचा गाळ उठतो आणि चेहऱ्याची रेघही नीट दिसत नाही. गाळ परातीतून काढून टाकलेला नाही, हे ध्यानात घ्यावं. तो तळाशीच आहे.

झ्वांगझीवर लोक खूप लिहितात, फुलपाखराचं स्वप्न सर्वांना ठाऊक आहे, म्हणून इथे फक्त चौथ्या प्रकरणातला ‘मनाचा उपास’. कानाने ऐकू नको, मनाने ऐक. मनाने ऐकू नको, ‘ची’ने ऐक. कान ऐकण्यापाशी थांबतो, मन जुळवण्यापाशी थांबतं, आणि ‘ची’ रिकामी असते, वस्तूंची वाट पाहते. मन जुळवतं म्हणजे येणारी गोष्ट आपल्याजवळच्या खुणेशी ताडून पाहतं. तो ताळा बंद ठेवणं हा उपास. प्रसंग राजकारणाचा आहे हे बहुतेकदा गाळलं जातं: कन्फ्यूशियसचा शिष्य यान ह्वे एका तरुण, क्रूर राजाला सुधारायला निघालाय, योजना तयार आहे, आणि कन्फ्यूशियस त्याला सांगतोय की योजना डोक्यात घेऊन गेलास तर मारला जाशील. जंगलात बसून करायचा हा अभ्यास नाही.

बौद्ध विचाराबद्दल थोडक्यात. सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेलेला युआन श्वांग चीनला परतल्यावर योगाचार या बौद्ध संप्रदायाच्या ग्रंथांच्या भाषांतराला लागला, आणि ६५९ मध्ये आठ विज्ञानांचा, म्हणजे जाणिवेच्या आठ प्रकारांचा, सिद्धान्त मांडणारा मोठा संग्रह त्याने सिद्ध केला. तो संप्रदाय चीनमध्ये फार काळ जोमात राहिला नाही. हुआयेन या बौद्ध पंथाने मात्र ‘ली’, म्हणजे गोष्टींमागचं तत्त्व, आणि घटना या जोडीवर एवढं काम केलं की पुढच्या कन्फ्यूशियन विचाराला तो शब्द त्यानंतर जुन्या साध्या अर्थाने वापरताच आला नाही.

तर ‘ली’. कन्फ्यूशियन तत्त्वज्ञ झू शी (११३० ते १२००) म्हणतो, प्रत्येक गोष्टीत ‘ची’ आहे आणि ‘ली’ आहे. ‘ची’मुळे ती असते, ‘ली’मुळे ती अशी असते. आपल्या पाऊणपटीच्या हिशेबाकडे बघा. हिशेब पाण्यात कुठे ठेवलेला नाही, पाणी सोडून त्याला राहायला जागाही नाही, आणि तरी पाणी त्याच्या बाहेर जात नाही. उपमा इथवर चालते, पुढे तुटते: भरतीला आपली ‘ली’ चुकवता येत नाही, माणसाला येते. माणसाच्या बाबतीत ‘ली’मध्ये त्याने कसं असावं हेही येतं. आधी कोण, ‘ली’ की ‘ची’, असं शिष्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. विचारातच उगम शोधायचा तर ‘ली’ आधी म्हणावी लागेल, पण आज ‘ली’ होती आणि उद्या ‘ची’ आली असं म्हणता येणार नाही, हे त्याचं उत्तर.

मनावर याचा परिणाम मोठा होतो. माणसाचा स्वभाव म्हणजे त्याच्यातली ‘ली’, ती पूर्ण आणि निर्दोष. भावना म्हणजे तिची हालचाल. मन दोघांना सांभाळतं. दोष येतो तो ‘ची’च्या गढूळपणामुळे, झू शी म्हणतो, मोती निवळ पाण्यात असला तर दिसतो, गढूळ पाण्यात असला तर दिसत नाही, मोती तोच. आता मेन्शियसकडे मागे वळून बघा. त्याचे कोंब वाढवायचे होते, आज लहान उद्या मोठे. झू शीच्या हातात त्याच चार भावना आत आधीच पूर्ण असलेल्या गोष्टीचं बाहेर आलेलं टोक होतात. काम वाढवण्याचं राहत नाही, निवळण्याचं होतं. ही दोन वेगळी मानसशास्त्रं आहेत. बहुतेक लोक मेन्शियसला झू शीच्या भाष्यातूनच वाचतात, १३१३ च्या आदेशानंतर चीनमधल्या सरकारी परीक्षाही त्याच भाष्यावर होऊ लागल्या, त्यामुळे फरक बुजून जातो.

झू शीचा सर्वांत रंजक भाग मात्र पितरांचा आहे, आणि पितृपक्षात म्हाळ घालणाऱ्या, कावळ्याला वाडी ठेवणाऱ्या घरात तो लगेच समजतो. मेल्यावर माणसाची ‘ची’ पांगते, पण एकदम नाही. नातवंड-पतवंडांची ‘ची’ त्याच धारेतली असते. म्हणून वंशजाने मनापासून अर्पण केलं तर साद पोचते आणि प्रतिसाद येतो. खोट्या मनाने केलं तर काहीच होत नाही, कारण साद देणारंच कोणी नसतं. अपघाताने, हिंसेने, मरण न स्वीकारता गेलेल्याची ‘ची’ लवकर पांगत नाही, आणि भूतबाधा म्हणतात ती याच्यातून. कालांतराने तीही विरते. पुनर्जन्म मात्र त्याने साफ नाकारला: पांगलेली ‘ची’ पुन्हा गोळा होऊन तोच माणूस होत नाही, नवी ‘ची’ येत राहते. आपल्या आणि त्याच्या श्राद्धाचा विधी जवळचा वाटतो, पण पलीकडे प्रवास करणारा आत्मा त्याच्याकडे नाही. आहे तो फक्त वंशाचा संबंध आणि अर्पण करणाऱ्याच्या मनाचा खरेपणा.

झू शीची साधनाही नेमकी आहे. वाचायचं थोडं, पण पाठ होईपर्यंत, आणि मग पुन्हा विचार करत. चार ग्रंथांचा त्याने लावलेला क्रम असा: आधी ‘महान विद्या’, मग कन्फ्यूशियसची संभाषणं, मग मेन्शियस, शेवटी ‘मध्यम मार्ग’. श्वासावर त्याने एक छोटं टाचण लिहिलंय, त्यात नाकाच्या शेंड्यावर नजर ठेवायला सांगितलं आहे. पण भर वस्तूंची तपासणी करण्यावर: आज एक, उद्या एक, आणि खूप साठल्यावर एके दिवशी सगळं जोडून दिसतं.

हे सूत्र शब्दशः घेतलं की काय होतं, याचं उदाहरण वांग यांगमिंग (१४७२ ते १५२९). तरुणपणी त्याने आणि त्याच्या मित्राने अंगणातल्या बांबूची ‘ली’ शोधायला सुरुवात केली. मित्र तिसऱ्या दिवशी आजारी पडला, वांग सातव्या दिवशी. चूक उघड आहे: झू शीने कुठेही एकाच बांबूकडे टक लावून बसायला सांगितलं नव्हतं. त्याच्या तपासणीत वाचन, चर्चा, अंगावर आलेली कामं निस्तरणं हे सगळं येतं. पण चुकीतून निघालेला प्रश्न खरा होता. बांबूची ‘ली’ सापडली तरी माझं मन त्याने खरं कसं होईल? १५०८ मध्ये गुइझोऊतल्या लुंगचांगला हद्दपारीत असताना त्याला उत्तर मिळालं: ‘ली’ मनाबाहेर शोधायची नाही.

त्याला ‘जग म्हणजे मनातली कल्पना’ म्हणणारा मानू नये. नानझन नावाच्या ठिकाणी एकाने त्याला विचारलं, ही फुलं डोंगरात आपोआप उमलतात आणि गळतात, त्यांचा माझ्या मनाशी काय संबंध? वांग म्हणाला, तू हे फूल पाहिलं नव्हतंस तेव्हा फूल आणि तुझं मन दोन्ही निवांत होती. पाहिलंस तेव्हा रंग एकदम स्पष्ट झाले. फूल नव्हतं, असं तो म्हणत नाही. साद-प्रतिसाद नव्हता, म्हणतो. झांग झायच्या भरतीपासून इथवर कल्पना तीच आहे.

जाणणं आणि करणं एकच, हे त्याचं मत असंच वाचावं. दुर्गंधी जाणवणं आणि नाक मुरडणं यांत मधे पायरी नसते. जाणलं पण केलं नाही, तर जाणलंच नव्हतं. याचा व्यवहार कसा, ते एका कारकुनी कामाच्या माणसाला दिलेल्या उत्तरात सापडतं. तो म्हणाला, कागदपत्रं आणि खटले एवढे आहेत की अभ्यासाला वेळच नाही. वांगने सांगितलं, खटल्यातच अभ्यास कर. पक्षकार उद्धट बोलला म्हणून रागावू नको. गोड बोलला म्हणून खूश होऊ नको. वशिला आणला म्हणून चिडून जास्त शिक्षा देऊ नको. गयावया केली म्हणून वाकू नको. स्वतःची कामं तुंबलीत म्हणून घाईत निकाल देऊ नको. कोणी कान भरले म्हणून त्याच्या बाजूने झुकू नको. गडग्याच्या हद्दीचे आणि सामायिक सात-बाराचे वाद ज्यांच्या टेबलावर येतात त्यांनी ही सहा वाक्यं शुन्झीच्या ‘झाकणाऱ्या’ यादीशेजारी ठेवून वाचावीत. दोघांची मतं टोकाची वेगळी, पण मन कुठे वाकतं याचं निरीक्षण जवळजवळ एकच आहे.

वांगच्या शिकवणीचं सार चार ओळींत सांगतात. मनाच्या मूळ रूपात चांगलं-वाईट नाही. हेतू हलला की चांगलं-वाईट येतं. चांगलं-वाईट ओळखते ती उपजत जाण. चांगलं करणं आणि वाईट काढणं ही वस्तूंची तपासणी. १५२७ मध्ये तो एका मोहिमेवर निघण्याच्या आदल्या रात्री त्याचे दोन शिष्य, वांग जी आणि छ्येन दहुंग, त्याच्याकडे वाद घेऊन आले. वांग जी म्हणाला, मुळात चांगलं-वाईट नाही तर हेतूतही नाही, जाणेतही नाही, वस्तूतही नाही. पहिली ओळ पुरे. छ्येन म्हणाला, मूळ तसं असलं तरी सवयींचे थर चढलेत, ते काढण्याचं काम नाकारलं तर शिकवणच उरत नाही. त्येनछुआन पुलावर बसून गुरूने निकाल दिला. वांग जीची वाट फार तीक्ष्ण बुद्धीच्या थोड्यांसाठी, छ्येनची इतर सगळ्यांसाठी, आणि दोघांनी एकमेकांची वाट वापरावी. पण पुढे त्याने बजावलं की चार ओळींतली एकही गाळू नका, कारण चांगलं करणं आणि वाईट काढणं हे काम सोडून नुसतं मूळ रूपाचं चिंतन केलं तर माणूस हवेत लटकलेलं काहीतरी कल्पत बसतो. तो त्या मोहिमेवरून जिवंत परतला नाही. त्याच्यामागे त्याचे अनुयायी नेमके याच दोन ओळींवरून फुटले, आणि पुढच्या शंभर वर्षांचा चिनी मनाविषयीचा वाद पहिली ओळ विरुद्ध चौथी ओळ असाच चालला.